गटाच्या हिशेबासाठी दुसरा, छोटा कॉम्प्युटर

तायांनो, घरातला कॉम्प्युटर मुलांच्या ताब्यात असेल, तर गटाच्या हिशेबाला ‘रास्पबेरी पाय ४००’ चालतो. अख्खा कॉम्प्युटर कीबोर्डच्या आतच! मायक्रो एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडायचा, माउस लावायचा. आत पंखा नाही, म्हणून घरघर नाही. बाळ झोपलं असलं तरी बसता येतं. १०० वॅटचा जुना कॉम्प्युटर १० तासांत १ युनिट खातो. याचा चार्जरच साधारण १५ वॅटचा, म्हणजे तेवढ्याच वेळात पाव युनिटसुद्धा नाही. टीव्हीची वीज वेगळी धरा. बचत-कर्जाचा तक्ता लिब्रेऑफिसमध्ये फुकट होतो.

पण यात घड्याळाचा सेल नसतो. इंटरनेट नसेल तर तारीख मागचीच दाखवतो. म्हणून हप्त्याची तारीख रजिस्टर बघून हाताने टाका, नाहीतर वेळेवर भरणारी ताई कागदावर थकबाकीदार दिसायची.

बॅटरीही नाही. लाईट गेली की सेव्ह न केलेलं गेलंच, आणि सगळा हिशेब ज्या मेमरी कार्डावर असतो तेही बिघडू शकतं. प्रत्येक नोंदीनंतर सेव्ह करा, बंद करताना शटडाऊनच करा. मीटिंगच्या दिवशी पेनड्राइव्हवर कॉपी घ्या आणि तो दुसऱ्या ताईच्या घरी ठेवा.