वकिलाला सांगितलेली गोष्ट

प्रश्न : वाटणीच्या दाव्यात वकिलाला विश्वासाने सांगितलेली घरगुती माहिती वकील बदलल्यावरही गुप्त राहते का?

उत्तर : राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार, पक्षकाराने, म्हणजे वकील नेमणाऱ्या व्यक्तीने, कामाच्या ओघात वकिलाला जे सांगितले किंवा जी कागदपत्रे दाखवली, ती त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाहीत, आणि हे बंधन वकीलपत्र संपल्यानंतरही कायम राहते. बेकायदेशीर हेतू तडीस नेण्यासाठी केलेल्या संभाषणाला, तसेच नेमणुकीनंतर घडलेला गुन्हा किंवा लबाडी वकिलाच्या निदर्शनास आल्यास त्या वस्तुस्थितीला, मात्र हे संरक्षण मिळत नाही.

हेच बंधन वकिलाच्या कारकुनावर, कर्मचाऱ्यांवर व दुभाष्यावरही असते, आणि व्यवहारात विश्वासाला तडा बहुधा इथेच जातो : न्यायालयाच्या आवारात टंकलेखकाच्या टेबलापाशी, प्रतिपक्षाचे नातेवाईक शेजारी उभे असताना, कैफियतीचा म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा मजकूर मोठ्याने सांगितला जातो, ही पद्धत सर्वस्वी अनुचित होय. असा मजकूर कार्यालयातच तयार व्हावा, असा आग्रह पक्षकाराने निःसंकोच धरावा, आणि भीतीपोटी वकिलापासून प्रतिकूल कागद दडवू नये, कारण तो उलटतपासणीत प्रथमच समोर आला तर बचाव कोसळतो.

गुप्ततेचा भंग झाल्यास अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ अन्वये राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे येथे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, तक्रार करता येते.