नफा, वेतन आणि दान : व्यवसायातील योग्य क्रम

पुण्याच्या शनिवार पेठेत लहान व्यवसायांची दाटी आहे. छपाई, पुस्तकबांधणी, शिवणकाम, खाद्यपदार्थ अशा अनेक उद्योगांवर तेथील घरे चालतात. आपल्या समाजातील अनेक तरुण आता नोकरीपलीकडे पाहून असे व्यवसाय उभारू लागले आहेत. त्यांच्यापुढे एक प्रश्न वारंवार येतो. समाजाचे ऋण फेडण्यासाठी दान द्यावे, तर भांडवल कमी पडते. भांडवल राखावे, तर मन खाते. नफा आणि दान यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संपत्ती मिळविणे हे धम्माच्या विरुद्ध आहे, असे काहींना वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला. तथागतांनी दारिद्र्याचा गौरव केला नाही, संपत्तीला त्यांचा विरोध नव्हता, मात्र ती नियमांच्या मर्यादेत राहून मिळविली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, हे बाबासाहेबांनी त्यात स्पष्ट केले आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार उपासकाने करू नये, ही त्यातील पहिली मर्यादा होय.

मिळालेल्या धनाचे काय करावे, याचे मार्गदर्शन सिगालोवाद सुत्तात आहे. गृहस्थाने धनाचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग आपत्काळासाठी राखावा. यात दानाचा स्वतंत्र भाग दिसत नाही, म्हणून वाचकाला आश्चर्य वाटेल. परंपरेतील भाष्यानुसार दान पहिल्या भागातूनच करावयाचे असते. म्हणजे दान हे आपल्या उपभोगाला मुरड घालून द्यावयाचे; व्यवसायाचे भांडवल किंवा अडचणीची शिल्लक मोडून नव्हे.

अंगुत्तर निकायातील आदिय सुत्तात धनाच्या उपयोगांचा क्रमही सांगितला आहे. स्वतः, आईवडील, पत्नी, मुले आणि कामगार यांना सुखात ठेवणे हा पहिला उपयोग होय. त्यानंतर मित्र व सहकारी, मग संकटांपासून धनाचे रक्षण, मग नातलग, अतिथी व राज्य यांचे देणे आणि शेवटी सत्पात्री दान. कामगाराचा उल्लेख कुटुंबाच्या ओळीत, दानाच्या कितीतरी आधी आला आहे. शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुटी देणे ही मालकाची पाच कर्तव्ये सिगालोवाद सुत्त सांगते.

यावरून एक कसोटी हाती येते. कामगाराचे वेतन थकवून जयंतीच्या व्यासपीठावर देणगी जाहीर केली, तर ती देणगी खरोखर कोणाच्या पैशातून गेली? न दिलेले घेऊ नये, हे पंचशीलातील दुसरे शील आहे. थकविलेले वेतन हे कामगाराचे धन आहे. ते मालकाला दान करता येत नाही.

पुण्यानेच या विषयाचा एक थोर आदर्श पाहिला आहे. महात्मा जोतीराव फुले यांना आपण शिक्षक आणि समाजक्रांतिकारक म्हणून ओळखतो. पण ते कंत्राटदार आणि व्यापारीही होते, हे आपण क्वचितच आठवतो. धातूच्या ओतकामाचे साहित्य पुरविण्याचा त्यांचा व्यवसाय होता. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीमार्फत त्यांनी बांधकामांची कंत्राटे घेतली. खडकवासल्याचे धरण आणि येरवड्याचा पूल यांच्या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १८४८ साली शनिवार पेठेला लागून असलेल्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, त्यांनी मुलींची शाळा काढली. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडी येथे निराधार मुलांच्या भोजनाची व्यवस्था उभी राहिली, तेव्हा तिच्यासाठी मदतीचे आवाहन त्यांनी केले. स्वतःच्या कमाईचा आधार असल्यामुळेच कोणाची मर्जी न सांभाळता त्यांना सत्य बोलता आले. समाजकार्याला नफ्याची गरज का असते, याचे याहून चांगले उत्तर मिळणे कठीण.

परंतु या चरित्राची दुसरी बाजूही अभ्यासली पाहिजे. आयुष्याच्या अखेरीस पक्षाघाताने आजारी असलेल्या जोतीरावांना आर्थिक चणचण सोसावी लागली. १८९० मध्ये मामा परमानंद यांना त्यांच्यासाठी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याकडे मदतीची विनंती करावी लागली. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाची कथाही अशीच आहे. जेतवन दान करणारा हा श्रेष्ठी पुढे निर्धन झाला. व्यापाऱ्यांकडची अठरा कोटींची उधारी परत आली नाही आणि नदीकाठी पुरलेले तितकेच धन पुरात वाहून गेले, असे धम्मपदाची अट्ठकथा सांगते. तरीही त्याने साध्या पेजेचे दान चालू ठेवले. या दोघांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. मात्र त्यांच्या वाट्याला आलेली ओढाताण प्रत्येक दात्याने ओढवून घ्यावी, असा त्याचा अर्थ नाही. वसुली वेळेवर करणे आणि शिल्लक सुरक्षित ठेवणे हाही दात्याचा धर्मच आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, शनिवार पेठेत एका माजी विद्यार्थ्याचा छपाईचा व्यवसाय आहे आणि दोन कामगार आहेत. कागद, शाई, भाडे, वीज, कर आणि वेतन दिल्यावर महिन्याला १,२०,००० रुपये उरतात. चार भागांनुसार ३०,००० रुपये घर व दान यांसाठी, ६०,००० रुपये यंत्र व मालासाठी आणि ३०,००० रुपये आपत्काळासाठी होतील. घरच्या भागातून त्याने दशांश, म्हणजे ३,००० रुपये दिले, तरी वर्षाला ३६,००० रुपये होतात. सहा महिन्यांत आपत्काळाची शिल्लक १,८०,००० रुपये होते. मंदीच्या दिवसांत याच शिलकेतून वेतन चुकते होईल आणि दानही थांबणार नाही. ज्याचे उत्पन्न कमी आहे, त्याने प्रमाण बदलावे. क्रम बदलू नये.

मोठ्या कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्यात तरतूद आहे. ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. लहान दुकानदाराला असे बंधन नाही. त्याने आपला नियम आपणच घालून घ्यावयाचा असतो, आणि तो वहीत लिहून ठेवणे उत्तम.

निवासी शाळेच्या दृष्टीने हा विचार विशेष महत्त्वाचा आहे. वसतिगृहाची चूल वर्षातून एकदा पेटत नाही, ती रोज पेटते. एकदाच आलेल्या मोठ्या रकमेने इमारत उभी राहील. पण मुलांचे दोन वेळचे जेवण दरमहा न चुकता येणाऱ्या लहान रकमांवर अवलंबून असते. व्यग्घपज्ज सुत्तात आयव्यय पाहणाऱ्या गृहस्थाला तराजू धरणाऱ्याची उपमा दिली आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी तो तराजू दर महिन्याच्या हिशेबाला हाती घ्यावा. वेतन दिले का, भांडवल राखले का, शिल्लक टाकली का आणि त्यानंतर आपल्या घासातला घास बाजूला काढला का, हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत. चौघांचेही उत्तर होकारार्थी आले, तर त्या दुकानाचा नफा आणि त्या घराचे दान यांत विरोध उरणार नाही.