सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि बांधावरचा पांगारा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील चितारआळीत हुबेहूब फळे-भाज्या, भातुकलीची भांडी, पाट व चौरंग मिळतात. चितारी कारागिरांच्या या कलेला लागणारे लाकूड शेतकऱ्याच्या बांधावर तयार होऊ शकते. पूर्वापार त्यासाठी पांगारा वापरला जातो.

पांगाराच का?
पांगाऱ्याचे लाकूड पांढरट, मऊ व हलके असते. त्यात पटाशी सहज चालते, रंग खुलून दिसतो आणि लहान मुलाच्या हातात खेळणे जड होत नाही. परंतु तोडलेला ओंडका ओला पडून राहिल्यास त्यावर बुरशीचे डाग पडतात व भुंगेरे तो पोखरतात. मग त्याची किंमत सरपणाइतकीच उरते. शिवणीचे लाकूड अधिक टिकाऊ असून वाळताना फारसे तडकत वा वाकत नाही. कोरीवकाम व कातकाम या दोन्हींस ते चांगले.

लागवड
पांगाऱ्याचे दीड ते दोन मीटर लांबीचे जून फाटे मार्च-एप्रिलमध्ये तोडून सावलीत ठेवावेत. पावसाच्या सुरुवातीस ते ४० ते ५० सें.मी. खोल लावून माती घट्ट दाबावी. मिरीच्या आधाराची झाडे वेगळी ठेवावीत. लाकडासाठी सरळ वाढणारी झाडे राखून त्यांच्या खालच्या फांद्या वेळीच छाटाव्यात.

२००५ नंतर केरळात पानांवर व कोवळ्या फांद्यांवर गाठी आणणाऱ्या सूक्ष्म किडीने मिरीच्या आधाराच्या पांगाऱ्यांचे मोठे नुकसान केले. म्हणून गाठी असलेले फाटे लागवडीस घेऊ नयेत. संपूर्ण बांधावर पांगाराच न लावता मधूनमधून शिवण लावावी. शिवणीची पिकलेली फळे मे-जूनमध्ये गोळा करून गर काढावा. बी एक-दोन दिवस पाण्यात भिजवून पिशवीत पेरावे. गुरे व शेळ्या शिवणीचा पाला आवडीने खातात. त्यामुळे रोपांना पहिली दोन वर्षे कुंपण करावे.

तोड व वाळवण
तोडीपूर्वी परवानगीबाबत वन विभागाकडे चौकशी करावी. तोड हिवाळ्यात करावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी लाकूड वाळते. साल त्वरित काढून ओंडके लगेच कापून घ्यावेत. फळ्या जमिनीपासून उंच, सावलीत व वारा खेळेल अशा जागी रचाव्यात. दोन थरांत लाकडी पट्ट्या ठेवून फळ्यांच्या टोकांना मेण किंवा रंग लावावा, म्हणजे टोके तडकत नाहीत.

शेतकरी बंधूंनी झाड तोडण्यापूर्वीच कारागिराला भेटून कोणत्या जाडीचे व लांबीचे लाकूड हवे ते विचारावे. मापात कापलेले, वाळलेले आणि बिनडागी लाकूड दिल्यास बांधावरील झाडाला सरपणापेक्षा चांगला भाव मिळू शकेल आणि कारागिराच्या हातालाही काम राहील.