वर्दी आपोआप पोहोचते तेव्हा

धरण भरले की सांडव्याचे दरवाजे उघडावयाचे, हे ठरलेलेच असते. प्रश्न असतो तो वेळेवर कळण्याचा. पहारेकऱ्याने अहोरात्र पातळी न्याहाळीत बसावे, हा एक मार्ग. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दुसरा मार्ग शोधला. पुण्यात स्थापत्यशास्त्र शिकलेल्या या अभियंत्याचे स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये खडकवासला येथे प्रथम बसविण्यात आले. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की त्याच्याच जोराने ते उघडत. पुढे ग्वाल्हेरचे तिग्रा धरण आणि म्हैसूरजवळील कृष्णराजसागर येथेही हीच पद्धत योजण्यात आली. येथे घटना स्वतःच आपली वर्दी देई व कामही सुरू करी.

संगणकांच्या परस्परव्यवहारातही हेच दोन मार्ग आहेत. समजा, म्हैसूरचा एक व्यापारी रेशमी साड्या इंटरनेटवरून विकतो. ग्राहकाचे पैसे जमा झाले की नाही, हे त्याचा संगणक दर 5 मिनिटांनी पैसे स्वीकारणाऱ्या संस्थेला विचारीत राहिला, तर दिवसाला 288 खेपा होतात आणि त्यांतील बहुतेक व्यर्थ जातात. याउलट, व्यापाऱ्याने आपल्या संगणकाचा एक पत्ता त्या संस्थेकडे नोंदवून ठेवला, तर पैसे जमा होताच संस्थेचाच संगणक त्या पत्त्यावर विनंती धाडतो. ती येताच पावती तयार होते, साठ्यातून साडी वजा होते आणि पाठवणीची सूचना गोदामात जाते. या पद्धतीस ‘वेबहुक’ म्हणतात. हे नाव जेफ लिंडसे यांनी 2007 मध्ये रूढ केले.

मात्र धरण आणि संगणक यांत एक मूलभूत भेद आहे. पाणी खोटे बोलत नाही. संदेश खोटा असू शकतो. पत्ता ठाऊक असलेला कोणीही ‘पैसे जमा झाले’ असे कळवून साडी लाटू शकेल. यास्तव संदेशासोबत एक सांकेतिक स्वाक्षरी पाठविली जाते. संदेशाचा मजकूर आणि दोन्ही पक्षांनाच माहीत असलेली गुप्त किल्ली यांवरून ती गणिताने काढलेली असते. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले, तरी ती जुळत नाही. जी स्वाक्षरी जुळत नाही, तिच्यासोबतचा संदेश नाकारावा.

दुसरा धोका पुनरावृत्तीचा. संदेश मिळाल्याची पोच वाटेत हरवली, तर पाठविणारा तोच संदेश पुन्हा धाडतो; स्ट्राइप ही संस्था असे प्रयत्न तीन दिवसांपर्यंत करते. प्रत्येक संदेशागणिक साडी रवाना झाली, तर व्यापाऱ्याचे दिवाळे निघेल. म्हणून प्रत्येक घटनेचा क्रमांक नोंदवून ठेवावा आणि नोंदलेला क्रमांक पुन्हा आल्यास केवळ पोच द्यावी. पोचही तत्काळ द्यावी; गिटहब 10 सेकंदांपलीकडे वाट पाहत नाही. वेळखाऊ काम रांगेत ठेवून मागाहून करावे.

इतकी दक्षता घेऊनही एखादा संदेश कधीच पोहोचत नाही. म्हणून दिवसाअखेरीस एकदा व्यापाऱ्याने स्वतः विचारणा करून हिशेबाचा ताळा घ्यावा. पहारेकऱ्याचे अहोरात्रीचे जागरण संपले, तरी त्याची एक फेरी आवश्यकच राहते.