दुखणं सांगूनच काम धर

पोखर्णी (नृसिंह), जि. परभणी
मार्गशीर्ष शु. पंचमी

चि. बापू यास,

काल रात्री वहिनीचा फोन आला होता. तुझा एमआरआय आणि एचएलए-बी27 चा रिपोर्ट आला, इतके दिवस ज्याला सगळे ‘पळून पळून भरलेली कंबर’ म्हणत होते तो अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस निघाला, असं तिने सांगितलं. फोन ठेवता ठेवता आणखी एक गोष्ट तिच्या तोंडून निघाली. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीच्या सकाळी दुखण्याचं इंजेक्शन घेऊन पळायचं तू ठरवलं आहेस, आणि ‘एकदा भरती झालो की पुढचं पुढं’ असं म्हणालास. आजाराचं ऐकून वाईट वाटलं. हा बेत ऐकून भीती वाटली. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ करून विषय बदलतोस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

इंजेक्शन घेऊन 1600 मीटर कदाचित निघतीलही. 100 मीटर आणि गोळाफेकही होईल. मैदानाच्या 50 गुणांपैकी चाळीसच्या वर तू घेशील, एवढी तुझी तयारी मला माहीत आहे. पण मैदान एका सकाळचं असतं आणि नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंतची. लेखी आणि मैदानी पार पडल्यावर वैद्यकीय तपासणी आहे. त्यातूनही सुटलास तर प्रशिक्षणातली परेड आहे, मग गणपती, निवडणुका, मोर्चे आणि रात्रपाळ्या. बंदोबस्तात उभं राहताना कुणी तुझी कंबर विचारणार नाही, आणि तुलाही सांगता येणार नाही, कारण सांगितलंस की आधी का लपवलंस हा प्रश्न येणार. म्हणजे आजार एक आणि त्याच्यावर पांघरूण घालायचं काम दुसरं, अशा दोन नोकऱ्या तुला कराव्या लागतील.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. जे काम दुखणं लपवल्याशिवाय करता येत नाही, ते आपलं काम नाही. ते कितीही मानाचं असो, पगार कितीही असो. जिथे पहिल्या दिवशी ‘मला हे जमतं, हे जमत नाही’ असं सांगून उभं राहता येईल, तिथेच पाय रोव.

हे मी माझ्या शिवणावरून सांगते आहे. आमवात धरला तेव्हा मी पस्तिशीच्या आतच होते. सकाळी बोटं मिटत नसत, चहाची बशी दोन्ही तळव्यांत धरावी लागे. साधारण अकरानंतर बोटं सुटायची आणि संध्याकाळी पुन्हा धरायची. तेव्हा मी कामाचे तुकडे पाडले. मापं घेणं आणि कटिंग स्वतःकडे ठेवलं, कारण ब्लाउजचं गिऱ्हाईक कटिंगवर टिकतं. आणि ही दोन्ही कामंही फक्त दुपारच्या वेळात. हुक लावणं, तुरपाई, साडीचा फॉल ही सगळी चिमटीची कामं शेजारच्या पोरीकडे पैसे देऊन सोपवली. पायमशीनला मोटर बसवली. हलकी, मोठ्या मुठीची कात्री घेतली. आणि गिऱ्हाइकांना स्वच्छ सांगितलं, की बोटांना आमवात आहे, कपडा चार दिवस आधी टाका, सांगितलेल्या दिवशी हमखास मिळेल. काही बायका सोडून गेल्या. कमाईही घटली, ती भरून काढायला पोरींना कटिंग शिकवू लागले. वैशाखात लग्नसराई आणि इथली नृसिंह जयंती एकाच महिन्यात येतात, तेव्हा ऑर्डरी अजूनही मोजूनच घेते. आमवात गेलेला नाही. पण ज्या दिवशी तो बोलून दाखवला, त्या दिवसापासून त्याच्याभोवती कामाची मांडणी करता आली. न सांगितलेल्या दुखण्याभोवती अशी मांडणी करता येत नाही.

आता तुझ्या आजाराची चाल ओळख. माझी बोटं वापरली की दमतात. तुझं बरंचसं उलटं आहे. या आजारात पडून राहिलं की पाठ आखडते, पहाटे दुखून जाग येते, उठल्यावर बराच वेळ लाकडासारखी ताठ राहते आणि हालचाल सुरू झाली की सैल होते. म्हणून तुला बैठं काम म्हणजे आराम, असं समजून कुणी सुचवलं तर लगेच हो म्हणू नको. सलग बसणं, खडखडणाऱ्या गाडीत तासन् तास प्रवास, वजन उचलणं, झोपमोडीच्या पाळ्या, हे तुझे वैरी. बसणं, उठणं, चालणं आळीपाळीने होत राहील असं काम तुझा मित्र. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम औषधाइतकाच नेमाने कर. दुखण्याच्या गोळ्या मनाने वाढवू नको. त्या पोटावर आणि किडनीवर उतरतात. कणा ‘मोकळा’ करून घ्यायला कुणी हाडवैद्याकडे नेत असेल तर जाऊ नको, या आजारात पाठीला दिलेला हिसका धोक्याचा. डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव. हा आजार डोळ्यातही उतरतो. मित्रांबरोबरची सिगारेट आजपासून बंद.

पाठीच्या दुखण्यासह मोठं काम उभं केलेला माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. बाबा आमटे वरोऱ्यात वकिली करत होते. ती सोडून त्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढली आणि माळरानावर आनंदवन उभारलं. पुढे मणक्याच्या विकाराने त्यांचं बसणंच बंद झालं. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं, एवढंच उरलं. 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान निघालं तेव्हा तरुण पोरं सायकलींवर होती आणि सत्तरीतले बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर होते. पुढे 1990 मध्ये ते नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले. मोठमोठी माणसं भेटायला येत आणि बाबा खाटेवर पडून त्यांच्याशी बोलत. बसता येत नाही हे त्यांनी कुणापासून झाकलं नाही, आणि बसता येत नाही म्हणून काम थांबवलंही नाही. तू बाबा आमटे व्हावंस, असलं ओझं मी तुझ्यावर टाकत नाही. त्यांचं मोठेपण बाजूला ठेव आणि व्यवस्था तेवढी बघ: काम तेच ठेवलं, ते करायची रीत शरीराच्या सोयीची केली.

तुझ्यापुढे काय काय आहे, त्याचा विचार मी केला आहे. तू रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालास. भरतीच्या धावपळीत ही पदवी तू ट्रंकेत टाकून ठेवलीस, पण तीच आता कामाला येईल. परभणीला कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे आणि आपल्या भागातल्या प्रत्येक रानाला माती परीक्षणाची गरज आहे. मातीचा सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश काढायचं काम म्हणजे वजन करणं, ढवळणं, गाळणं, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाणं. अशा प्रयोगशाळेत माणूस दिवसभर थोडा बसतो, थोडा उभा राहतो. तुझ्या पाठीला हे मानवेल. सरकारी, खासगी, बियाणं-खत कंपन्यांच्या, ज्या ज्या प्रयोगशाळा परभणीच्या आसपास आहेत तिथे चौकशी कर. आधी शिकाऊ म्हणून घेत असतील तरी जा.

दुसरं, कृषी सेवा केंद्र. कीटकनाशकांच्या परवान्याला लागणारी शैक्षणिक पात्रता तुझ्याकडे आहे. पण नीट बघ: युरियाची गोणी 45 किलोची असते, डीएपीची 50 ची. हंगामात दुकानात हमाल मिळाला नाही तर मालकालाच गोणी उचलावी लागते. हमालाची मजुरी पहिल्या दिवसापासून हिशोबात धरता येत असेल, तरच तो धंदा. भांडवल जमलं नाही तर परवानेधारकाच्या दुकानात सल्ला द्यायला बस. कोणत्या किडीवर कोणतं औषध, किती पाण्यात किती, हे खरं सांगणारा माणूस शेतकऱ्याला हवाच असतो.

तिसरं, लिपिक-टंकलेखकाची परीक्षा. भरतीच्या लेखीचं गणित आणि सामान्य ज्ञान तुझं झालेलं आहे. मराठी टायपिंग मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजी 40, एवढी तयारी वेगळी करावी लागेल. काम बैठं आहे, म्हणून याला मी शेवटचं स्थान देते. पण दर अर्ध्या तासाने उठायची सवय लावून घेतलीस तर जमण्यासारखं आहे.

दादाच्या रानाबद्दलही सांगते. फवारणीचा 16 लिटरचा पंप पाठीवर घेणं आता बंद. रानाचा हिशोब, बियाण्याची निवड, पीकविम्याचे अर्ज, बाजारभावावर नजर, ही कामं तू घे. रानात राबणं म्हणजे फक्त ओझं वाहणं नव्हे.

कायद्याचंही बघून ठेवलं आहे, नाहीतर कुणीतरी खोटी आशा दाखवेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. नुसतं ‘कायमचं दुखणं’ हा त्यात नाही. सांध्या-मणक्यांची तपासणी होते तेव्हा हालचाल किती गेली ते बघतात, नुसत्या वेदनेवर टक्के मिळत नाहीत. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तरच सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाचा विचार होतो. आज तुझी पाठ वाकते आहे, तेव्हा प्रमाणपत्र मिळेलच असं धरून बेत आखू नको. पुढे हालचाल कमी झाली तर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यायची, त्यात लाज नाही. याच कायद्याचं कलम 20 सांगतं, की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्यापायी माणसाला काढू नये, पद उतरवू नये. जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच वेतनश्रेणीत घ्यावं. पण हा आधार नोकरीत असताना आलेल्या अपंगत्वासाठी आहे. आधीचा आजार झाकून आत शिरणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये.

काम मागायला जाशील तेव्हा आजाराच्या नावाने सुरुवात करू नको. नाव ऐकून माणूस घाबरतो. आधी काम येतं ते सांग. मग एवढंच: ‘पाठीचा जुनाट आजार आहे, उपचार चालू आहेत. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चालावं लागतं. वजन उचलता येणार नाही. सकाळी दहानंतर बोलावलंत तर पूर्ण कामाचा राहीन.’ एवढ्यावर जो नको म्हणेल, त्याच्याकडे तू चार महिन्यांनी आजारी पडलाच असतास. जो हो म्हणेल त्याला शब्दाप्रमाणे काम दे. आणि बरं वाटणाऱ्या दिवशी उधळू नको. ठणक नाही म्हणून एका दिवसात तीन दिवसांचं काम ओढलंस, तर पुढचे तीन दिवस अंथरुणात जातील. दुखण्याने थांबवायच्या आधी आपणच थांबायचं, ही शिस्त भरतीच्या शिस्तीपेक्षा अवघड आहे, पण तू पळायची शिस्त लावून घेतलीस तशी हीही लावशील.

राहिली गोष्ट घरची. ‘भरती सोडली’ म्हटल्यावर गावात काय बोलतील आणि उद्या सोयरीक कशी जुळेल, ही दादाची काळजी मला न सांगता कळते. त्याच्याशी मी बोलते. तो माझं ऐकतो. लग्नाच्या बाबतीतही माझं म्हणणं तेच आहे. आजार झाकून आणलेल्या सुनेला पहिल्याच वर्षी सगळं कळेल आणि तुमच्या घराच्या शब्दावरचा तिचा विश्वास जाईल. ज्या घरात हे सांगून पाय ठेवता येईल, तिथलीच सोयरीक बघू.

परभणीच्या खोलीचं भाडं परवडत नसेल तर इथे आमच्याकडे येऊन राहा. रोज जाणं-येणं करायचं झालं तर रेल्वेनेच कर. गाडीत उठून दारापर्यंत चालता येतं. काळीपिवळीत कोंबून बसलास तर परभणी येईपर्यंत पाठ धरेल. येत्या रविवारी सगळे रिपोर्ट आणि पदवीचे कागद घेऊन ये. तोवर एका वहीत रोज लिही: झोप किती झाली, सकाळी पाठ किती वेळ आखडली, किती वेळ सलग बसलास की ठणक सुरू झाली, कोणत्या वेळी अंग सगळ्यात हलकं होतं. ही वही समोर ठेवून आपण कामाची वेळ आणि जागा ठरवू.

भरतीचा फॉर्म अजून भरला नसशील तर भरू नको. यापुढे ज्या फॉर्मचा एखादाही रकाना खोटं लिहिल्याशिवाय भरता येत नसेल, तो फॉर्म परत करायचा. बाकीच्या सगळ्या फॉर्मना माझी साथ आहे.

वहिनीला आणि दादाला नमस्कार सांग. कळावे.

तुझी
आत्या