छापखान्यांतील सावधगिरी

सन १८१२ च्या मार्च महिन्याच्या ११ व्या तारखेस सायंकाळीं बंगाल्यांतील श्रीरामपूर येथील मिशन छापखान्यास आग लागली. डॉ. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं जेथें छापलें गेलें, तोच हा छापखाना. कागद जळाला, हस्तलिखितें जळालीं, खिळ्यांचें शिसें वितळून गेलें. परंतु मनुष्य कोणी दगावला नाहीं. आणि ज्यांवरून खिळे ओततात ते पोलादी ठसे राखेंतून शाबूत निघाले. त्यांच्या साह्यानें नवे खिळे ओतून काम लवकरच पुन्हा सुरू झालें.

वाचकहो, ह्यांत मोठा बोध आहे. खिळा पुन्हा ओततां येतो. तुटलेलें बोट पुन्हा ओततां येत नाहीं. आज बहुतेक छपाई ऑफसेट यंत्रावर होत असली, तरी खिळे जुळवून ट्रेडलवर पावत्या व पत्रिका छापणारे कांहीं लोक अद्यापि आहेत. हें काम जो शिकेल त्यानें चार गोष्टी ध्यानांत धराव्या.

१. ट्रेडल. ह्या यंत्राचे दोन लोखंडी पाट जबड्याप्रमाणें उघडतात व मिटतात. कागद ठेवणें व काढणें हें पाट उघडे असतांनाच करावयाचें असतें. अपघात बहुधा एकाच क्षणीं होतो : कागद वांकडा पडतो, आणि हात तो सरळ करावयास त्याच्यामागें धांवतो. पाय थांबविला तरी जड चाक आपल्या वेगानें फिरतच राहतें, व पाट मिटतो. म्हणून वांकडा कागद वांकडाच छापूं द्यावा. एका कागदाची किंमत ती काय? यंत्र चालू असतां तेल घालूं नये, रूळ पुसूं नयेत. पदर, सैल बाही, उपरण्याचा शेव व मोकळे केस यंत्राजवळ नसावेत.

२. कापणी-यंत्र. एकानें कागद सारावा व दुसऱ्यानें दांडा ओढावा, ही रीत अगदीं सोडावी. जो कागद लावील त्यानेंच, दोन्ही हात बाहेर घेऊन, पातें चालवावें. काढलेलें पातें उघडें न ठेवतां लांकडी म्यानांत ठेवावें.

३. शिसें. खिळ्यांत शिसें, कथील व अँटिमनी हे धातु असतात. शिशाचें विष हळूहळू चढतें : पोटांत कळा येतात, शौचास होत नाहीं, रक्त कमी होतें, आणि फार दिवसांनीं मनगट लुळें पडतें. लहान मुलांस तर त्याची बाधा अधिकच. निर्धोक म्हणावें असें शिशाचें कोणतेंही प्रमाण ठाऊक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. यास्तव खिळा तोंडांत धरूं नये. साबणानें हात धुतल्यावांचून भाकरी, विडी किंवा तंबाखू यांस शिवूं नये. जुन्या खिळ्यांवरील पांढरी भुकटी फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. कामाचे कपडे घरांतील कपड्यांत मिसळूं नयेत. वितळलेल्या शिशांत ओला खिळा टाकल्यास पाण्याची एकदम वाफ होऊन तप्त धातु अंगावर उडतो.

४. चिंध्या व खळ. शाईंत अळशीचें तेल असतें. अशा तेलाच्या चिंध्या ढीग करून ठेविल्यास त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत टाकाव्या व रोज बाहेर न्याव्या. घासलेट दिव्यापासून दूर असावें. बांधणीच्या खळींत कसर लागूं नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी आहे. तेव्हां खळीचें बोट चाटूं नये, व तें भांडें स्वयंपाकांत घेऊं नये.

शेवटीं मालकांस एक शब्द. घाईचें काम आलें म्हणजे दमलेल्या कामकऱ्यास आणखी हजार प्रती काढावयास सांगणें सोपें असतें. पण चुका होतात त्या थकलेल्या हातांकडूनच. प्रती उद्यांही निघतील.

अभ्यासासाठीं प्रश्न : (१) पाय थांबविल्यावरही ट्रेडलचा पाट कां मिटतो? (२) खिळ्यांवरील भुकटी कां फुंकूं नये? (३) तेलकट चिंध्या कशांत ठेवाव्या, व कां?