आधी कागद माग

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाजच ओळखू येईना. सोसायटीच्या ग्रुपवर तू काहीतरी लिहिलंस, कुणीतरी तक्रार केली आणि 'चौकशीला ठाण्यात या' म्हणून फोन आला. चप्पल घालून तशीच निघाली नाहीस, हे फार बरं केलंस.

मला पालघरच्या त्या दोघीच आठवल्या गं. आपल्या चारकोपहून पालघर कितीसं लांब? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद. एकीने फेसबुकवर त्या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या नुसत्या लाइक केल्या. दोघींना अटक! पुढे खटला टिकला नाही, पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि ज्या कलमांखाली पकडलं त्यातलं ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्दच केलं. पण अटक व्हायची ती होऊन गेली होती. मला तेच डाचतं.

म्हणून सांगते, नुसती तक्रार आली म्हणून अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटक का हवी याची कारणं पोलिसांना लिहून ठेवावी लागतात. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. तीही व्हॉट्सॲपवर चालत नाही. तू साक्षीदार असशील तर बाईमाणसाचा जबाब घरीच घ्यायचा. आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादानेच, महिला अधिकाऱ्याने, आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी काढून.

चुकीची अटक झालीच तर उच्च न्यायालयात रिट करून भरपाई मागता येते. १९८३ मध्ये बिहारच्या रुदुल साहला ३५ हजार मिळाले. निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं तुरुंगात सडला होता बिचारा. आपल्या मुंबईतही जामीनपात्र गुन्ह्यात एकाला रात्रभर कोठडीत ठेवलं, तर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने २ लाख द्यायला लावले. पण कोर्टात वेळेचा हिशेब लागतो. फोन किती वाजता आला, कुणी केला, काय म्हणाले, आत्ताच वहीत लिही.

वकिलाच्या फीची काळजी सोड. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन कर. मी सकाळी येते, नोटीस आली तर दोघी मिळूनच जाऊ. आईला मात्र मी येईपर्यंत काही बोलू नकोस.